पाहायला शिकवणारे हात : सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण



या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय पाहून आपल्यापैकी पुष्कळांना आश्चर्य वाटले असेल. जुन्या मराठी गद्याची पाने चाळण्यात ज्याने सारा जन्म घालवला, त्याने सूक्ष्मदर्शकावर, आणि तेही सूक्ष्मदर्शकातून पाहण्याच्या शिक्षणावर, काय म्हणून बोलावे? निमंत्रणपत्रिका हाती पडताच माझ्या एका वर्गमित्राने दूरध्वनी करून ‘वक्त्याचे नाव छापताना काही घोटाळा तर झाला नाही ना?’ अशी चौकशी केली. घोटाळा झालेला नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो ते आमचे सर या शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांच्या वर्गात मी एकदा जी लबाडी केली तिची कबुली द्यायला साठ वर्षांनंतर याहून योग्य व्यासपीठ मला मिळणार नाही.

१९६४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. पितळी नळीचा, लाकडी पेटीत ठेवलेला, पेटीला कुलूप आणि किल्ली सरांच्या खिशात. उत्तरेच्या खिडकीपाशी टेबल मांडून त्यांनी तो बाहेर काढला, खालचा आरसा उजेडाकडे वळवला आणि कांद्याचा पापुद्रा आयोडीनच्या थेंबात भिजवून काचपट्टीवर पसरला. आम्ही चाळीस मुले रांगेत उभे. माझी पाळी आली तेव्हा मला दिसला तो नुसता पांढरा उजेड, आणि त्यात माझ्याच पापण्यांच्या काळ्या रेघा. मागून ढकलाढकल चालू होती. ‘दिसले, सर,’ असे म्हणून मी बाजूला झालो आणि जागेवर जाऊन पाठ्यपुस्तकातली आकृती वहीत सुबकपणे उतरवली. विटांसारख्या रचलेल्या पेशी, आणि प्रत्येकीच्या बरोबर मधोमध एक ठिपका, म्हणजे केंद्रक. सरांनी वही पाहिली, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘सगळ्यांत मधोमधच होता का रे?’ कांद्याच्या पेशीत मधली जागा रसाने भरलेली असते आणि केंद्रक बहुधा भिंतीकडे सरकलेले असते, हे मला कुठून ठाऊक असणार? सर रागावले नाहीत. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मला एकट्याला बसवले आणि माझा हात स्वतःच्या हाताखाली घेऊन स्क्रू फिरवायला शिकवले. भिंग खाली उतरवायचे तेव्हा बाजूने पाहायचे, म्हणजे काचपट्टी फुटत नाही. आतून पाहत असताना भिंग फक्त वर उचलायचे. दुसरा डोळा मिटायचा नाही. अर्ध्या तासाने त्या पांढऱ्या उजेडातून पेशींच्या भिंती हळूहळू वर आल्या. तो पापुद्रा आठवडाभर कपाटात लपून बसला होता आणि आता बाहेर आला, असेच मला वाटले.

पुढे संशोधनासाठी मोडी शिकू लागलो तेव्हा हाच अनुभव पुन्हा आला. बाराखडीचा तक्ता मला तोंडपाठ होता. पण दप्तरातला घसाऱ्याने लिहिलेला खराखुरा कागद समोर आला की ओळीच्या ओळी नुसत्या लाटांसारख्या दिसत. शेवटी एका वृद्ध कारकुनाने शेजारी बसून ओळीखालून बोट फिरवत ‘हा ग, हा न, हे दोन्ही जोडले’ असे महिनाभर वाचून दाखवले, तेव्हा त्या लाटांची अक्षरे झाली. म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या इतिहासाकडे मी भिंगांचा इतिहास म्हणून पाहत नाही. शेजारी बसून दाखवणाऱ्यांचा इतिहास म्हणून पाहतो. तो फारसा लिहिला गेलेला नाही. भिंगे संग्रहालयांत टिकतात. शनिवार दुपारचा अर्धा तास कोणत्याच कपाटात ठेवता येत नाही.

हा विषय माझ्या मनात पक्का झाला तो माझ्या पुतणीमुळे. ती जीवशास्त्रात संशोधन करते. पीएच.डी.चे काम बरेच पुढे गेले असताना ती अमेरिकेत सूक्ष्मदर्शकाच्या दहा-एक दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आली. परतल्यावर भेटायला आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, ‘काका, दोन वर्षे मी जे मोजत होते ते तिथे नव्हतेच.’ तिने काय केले होते ते मी पुढे सांगेन, कारण ते समजण्यासाठी आधी थोडा इतिहास हवा.

तो सुरू करावा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड-व्यापाऱ्यापासून. अंतोनी व्हान लेव्हेनहूक याचा जन्म १६३२ चा. त्याने स्वतः घासलेली भिंगे मसुराच्या दाण्याहूनही लहान असत. धातूच्या दोन पत्र्यांमध्ये बसवलेले असे एकच भिंग तो डोळ्याशी धरी. तेवढ्यातून त्याने पाण्याच्या थेंबातले जीव, दातांवरच्या किटणातले जंतू आणि रक्तातल्या तांबड्या पेशी पाहिल्या. लंडनच्या रॉयल सोसायटीला तो १६७३ पासून पुढची पन्नास वर्षे पत्रे पाठवत राहिला. पाण्यातल्या जीवांविषयीचे १६७६ चे पत्र वाचून सोसायटीच्या सभासदांना ते खरे वाटेना. सोसायटीचे प्रयोग करून दाखवण्याचे काम रॉबर्ट हूककडे असे. ‘मायक्रोग्राफिया’ या १६६५ च्या ग्रंथाने त्याचे नाव झालेच होते. त्याने खटपट करून १६७७ मध्ये ते जीव सभासदांना प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा शंका फिटली. पत्राने जे साधले नाही ते डोळा लावल्यावर साधले.

लेव्हेनहूक मात्र कोणाला शिकवायला तयार नव्हता. आलेल्या पाहुण्यांना तो साधी उपकरणे दाखवी. उत्तम भिंगे आणि पाहण्याची खास रीत स्वतःजवळ ठेवी. लाइप्निट्झसारख्या तत्त्वज्ञाने त्याला सुचवले, की तरुण मुलांना हाताशी धरून ही विद्या शिकवा. त्याने नकार दिला. शिकणारे पुष्कळसे पैशाच्या किंवा नावलौकिकाच्या मागे असतात, असे त्याचे मत होते. मत अगदीच चुकीचे होते असे, चाळीस वर्षे विद्यापीठात काढल्यावर, मी म्हणणार नाही. पण परिणाम पाहा. १७२३ मध्ये तो वारला आणि मृत्युपत्राप्रमाणे चांदीचे सव्वीस सूक्ष्मदर्शक रॉयल सोसायटीकडे आले. यंत्रे आली, पाहणारा गेला. त्याने पाहिलेल्या जंतूंच्या अभ्यासात पुढची शंभर वर्षे म्हणावी तशी भर पडली नाही. त्याला भिंगांतले दोषही कारण होते. अनेक भिंगांच्या यंत्रांत वस्तूच्या कडांना रंगीत झालर दिसे, आणि १८३० च्या सुमारास जोसेफ जॅक्सन लिस्टरने भिंगांची जोडणी सुधारीपर्यंत ही अडचण पुरती सुटली नव्हती. परंतु एकाच भिंगाची लेव्हेनहूकची यंत्रे तर त्या दोषापासून बहुतांशी मुक्त होती, आणि ती सोसायटीच्या कपाटात होती! शेवटी एकोणिसाव्या शतकात ते सव्वीसही हरवले.

भिंगे सुधारली आणि विद्यापीठांतून प्रयोगशाळा निघू लागल्या, तेव्हा शिकवण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला. ब्रेस्लाऊला पुर्किन्ये विद्यार्थ्यांच्या हाती यंत्र देऊ लागला. येनाला वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडनच्या प्रोत्साहनाने कार्ल त्साइस नावाच्या कारागिराने १८४६ मध्ये दुकान थाटले. पण ज्याला आज आपण ‘शिबिर’ म्हणतो त्याचा मला सापडलेला चांगला नमुना लंडनचा आहे, आणि तो शाळामास्तरांसाठी होता. १८७१-७२ च्या सुमारास थॉमस हक्सलेने विज्ञानशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग काढले. सकाळी तासभर व्याख्यान आणि उरलेला दिवस प्रत्येकाने स्वतःच्या टेबलाशी, स्वतःच्या सूक्ष्मदर्शकासमोर. व्याख्यानात जे ऐकले ते त्याच दिवशी पाहायचे, चिरायचे आणि काढायचे. यीस्टपासून बेडकापर्यंतचा हा पाठ पुढे १८७५ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्या पुस्तकाचा सहलेखक मार्टिन अमेरिकेला गेला आणि ही पद्धत तिकडे रुजायला त्याची मदत झाली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखही, कलकत्त्याहून पटकीचा जंतू ओळखून परतल्यावर, डॉक्टरांना तो जंतू कसा ओळखावा याचे छोटे वर्ग घेऊ लागला.

आता मी आपल्या गावाकडे वळतो. हैदराबादकरांना बेगमपेठेतली ती इमारत ठाऊक आहे. जुन्या विमानतळाकडे जाताना लागते. उस्मानिया विद्यापीठाच्या अखत्यारीत तिथे रोनाल्ड रॉसच्या नावाची परोपजीवीशास्त्राची संस्था झाली. २० ऑगस्ट १८९७ रोजी रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी सापडला, ही कथा आपण शाळेत शिकलो. त्या कथेचा पूर्वार्ध मात्र आपल्याला कोणी सांगितला नाही, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे.

रॉसचा जन्म १८५७ चा, अल्मोड्याचा. १८८१ मध्ये तो लष्करी वैद्यक सेवेत आला. तो कविता आणि कादंबऱ्याही लिही. मराठीचा प्राध्यापक म्हणून त्याच्या कवितेवर मी मत देणार नाही. बिचाऱ्याने हिवतापाचे काम फार चांगले केले आहे. लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात हा परोपजीवी पाहिला होता. ते वर्णन छापून आले होते, चित्रे होती. रॉस हिंदुस्थानात रोग्यामागून रोग्याचे रक्त तपासत राहिला आणि त्याला काहीच दिसेना. १८८८-८९ च्या रजेत लंडनला जंतुशास्त्राचा एक पाठ पुरा केलेला हा मनुष्य. यंत्र हाताळण्यात कच्चा नव्हता. न दिसल्याचा निष्कर्ष त्याने असा काढला, की असे काही नसतेच. लाव्हरांच्या शोधावर शंका घेणारे लेख त्याने छापले आणि आतड्यातल्या विषांमुळे हिवताप होतो, या मताकडे तो झुकला.

१८९४ मध्ये पुन्हा रजेवर गेला असता लंडनमध्ये त्याची पॅट्रिक मॅन्सनशी गाठ पडली. मॅन्सनने चीनमध्ये, अमॉय येथे, हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमीची वाढ डासाच्या शरीरात होते हे १८७७ मध्ये दाखवले होते. त्याने रॉसला वादात गुंतवले नाही. सूक्ष्मदर्शकाशी बसवले, रोग्याच्या रक्ताची काच लावली आणि दाखवले, हे पाहा. हिवतापाच्या एका प्रकारात परोपजीवीची एक अवस्था चंद्रकोरीच्या आकाराची असते आणि तिच्या मध्यभागी काळपट रंगकणांचा पुंजका असतो. ते रंगकण रक्तातल्या तांबड्या द्रव्याचे परोपजीवीने केलेले अवशेष. रॉसला ती चंद्रकोर दिसली. ज्या वस्तूविरुद्ध त्याने दोन-तीन वर्षे लेख लिहिले होते ती त्याच्या डोळ्यासमोर होती, आणि बहुधा सिकंदराबादेतही अनेकदा येऊन गेली होती.

त्याच मुक्कामात मॅन्सनने डासाविषयीची आपली कल्पना त्याला सांगितली. गुरूची कल्पना अर्धी बरोबर होती. डास हा दुवा असावा हे खरे निघाले. पण माणसाला ताप येतो तो मेलेल्या डासांचे पाणी प्याल्याने, हे मॅन्सनचे अनुमान साफ चुकले. १८९५ मध्ये परत आल्यावर रॉसने तशा पाण्याचे प्रयोग माणसांवर केले आणि त्यात पुष्कळ वेळ घालवला. गरीब माणसांना चार पैसे देऊन असले पाणी पाजणे आज कोणी खपवून घेणार नाही, आणि ते योग्यच आहे. सांगायचे ते एवढे, की मॅन्सनच्या सिद्धान्तापेक्षा त्याने लंडनमध्ये बसून दाखवलेली ती एक काच रॉसच्या अधिक उपयोगी पडली. पुढची चार वर्षे दोघांमध्ये शंभराहून अधिक पत्रे गेली-आली. कपड्याचा व्यापारी पत्रे लिही आणि रीत लपवी. इथे पत्रापत्रातून रीतच चालली होती.

ऑगस्ट १८९७. रॉसच्या मदतनिसांनी अळ्या आणून वाढवल्या होत्या, त्यांतून ठिपकेदार पंखांचे तपकिरी डास निघाले. १६ तारखेला त्यांना हुसेन खान नावाच्या रोग्याला चावू दिले. डासामागे एक आणा हा दर ठरला होता. आधीच्या महिन्यांत दुसऱ्या जातींचे कितीतरी डास फाडून झाले होते आणि हाती काही लागले नव्हते. डासाचे जठर सुईने वेगळे करून काचेवर पसरायचे, म्हणून पंखा चालवायची सोय नाही. वाऱ्याने ते उडून जाई. कपाळावरच्या आणि हातांच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. उरलेल्या एकमेव नेत्रिकेला तडा गेला होता. २० तारखेला त्या डासांतले शेवटचे दोनच उरले होते. त्यांतला एक फाडून रॉस जठराची भिंत कडेकडेने पाहत चालला असता त्याला एक गोल, स्वच्छ कडेची पेशी दिसली. व्यास सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे रक्ताच्या तांबड्या पेशीच्या दीडपट. डासाच्या जठरात पेशी असायच्याच. तिथे कोणीही पुढे सरकला असता. रॉस थांबला, कारण तिच्यात काळपट रंगकण होते. ते रंगकण त्याच्या ओळखीचे होते. १८९४ मध्ये चंद्रकोरीत मॅन्सनने दाखवलेले तेच. दुसऱ्या दिवशी शेवटच्या डासात तशाच पेशी अधिक मोठ्या झालेल्या दिसल्या, म्हणजे त्या वाढत होत्या.

रॉसने तयार केलेल्या काचा लंडनला पाठवल्या. मॅन्सनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या आपल्या यंत्राखाली पाहिल्या, आणि १८ डिसेंबर १८९७ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये रॉसचा लेख त्यांच्या अभिप्रायासह आला. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्याने पुढचा मार्ग पुरा केला. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्याआधीच, १८९९ मध्ये, तो लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत शिकवू लागला होता. त्याच वर्षी मॅन्सनने लंडनमध्ये तशीच शाळा उघडली. वसाहतींत जाणाऱ्या डॉक्टरांना तेथे काही महिन्यांच्या पाठात रक्ताच्या काचा तयार करणे आणि डास फाडणे स्वतःच्या हाताने करावे लागे. साम्राज्याला आपले अधिकारी जिवंत ठेवायचे होते, हे त्यामागचे कारण विसरून चालणार नाही. पण ती विद्या साम्राज्याबरोबर गेली नाही. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावोगावहून येणाऱ्या काचा पाहणारे आपले तंत्रज्ञ याच रीतीने, आधीच्या तंत्रज्ञाशेजारी बसून, तयार झाले.

रॉसची गोष्ट एकटीच नाही. इटलीच्या गोल्जीने मज्जापेशी काळ्या रंगवण्याची रीत १८७३ मध्ये छापली. स्पेनच्या रामोन इ काहालने तसे रंगवलेले मेंदूचे काप पहिल्यांदा नीट पाहिले ते १८८७ मध्ये, माद्रिदला लुइस सिमार्रो या सहव्यावसायिकाच्या घरी. मधली चौदा वर्षे ती रीत छापील पानांवरच होती. १९०६ मध्ये गोल्जी आणि काहाल यांना नोबेल विभागून मिळाले. सिमार्रोचे नाव कोणाच्या तोंडी नसते.

आता माझ्या पुतणीची चूक. त्यासाठी आणखी एका शाळामास्तराची ओळख करून द्यावी लागेल. आउगुस्ट कोलर हा जर्मन गृहस्थ माध्यमिक शाळांतून विज्ञान शिकवी. संशोधनासाठी विद्यापीठात गेला असता त्याला सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घ्यायची होती, आणि गॅसच्या दिव्याचा उजेड चित्रात डागाडागांनी येई. दिव्याची ज्योत आणि पाहायची वस्तू दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत, ही अडचण होती. १८९३ मध्ये त्याने उजेडाची अशी मांडणी सुचवली की ज्योतीची प्रतिमा वस्तूच्या ठिकाणी पडतच नाही. वस्तूवर पडतो तो सारखा, निवळ उजेड. पुढे १९०० मध्ये त्साइस कंपनीने त्याला बोलावून घेतले. आजही जगातला जवळजवळ प्रत्येक संशोधनाचा सूक्ष्मदर्शक कोलरच्या मांडणीने चालतो.

ती मांडणी हाताने जुळवावी लागते. दिव्यापाशी एक झडप असते, ती मिटायची. वस्तूखालचे कंडेन्सर नावाचे भिंग वर-खाली करून त्या झडपेची कड वस्तूइतकीच रेखीव दिसेपर्यंत आणायची. मग ती मधोमध आणून दृश्याच्या कडेपर्यंत उघडायची. दुसरी झडप कंडेन्सरमध्ये असते आणि ती खरी फसवी. नेत्रिका काढून नळीत डोकावले तर वस्तुभिंगाच्या मागच्या बाजूला उजेडाची चकती दिसते. झडप अशी ठेवायची की चकतीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उजळ राहील. ती फार मिटली तर चित्र गडद आणि उठावदार होते, डोळ्याला फार बरे वाटते. पण त्याच वेळी बारकावे नाहीसे होतात आणि वस्तूच्या कडांभोवती काळे-पांढरे पट्टे उमटतात. ते पट्टे वस्तूत नसतात, प्रकाशाच्या वळण्याने होतात. प्रकाशलहरींमुळे किती बारीक पाहता येईल याला मर्यादा पडते, साधारण ०.२ मायक्रॉनची, हे त्साइसच्याच एर्न्स्ट आब्बेने १८७३ मध्ये दाखवले होते. झडप मिटणारा आपण होऊन त्या मर्यादेच्याही मागे जाऊन बसतो.

माझ्या पुतणीने दोन वर्षे पेशींच्या कडेच्या एका पट्ट्याची रुंदी मोजली होती. ती जिथे काम करी तिथले यंत्र लक्षावधी रुपयांचे होते. पहिल्या दिवशी तिला सांगण्यात आले, की खालच्या स्क्रूंना हात लावू नकोस, कोणीतरी ते लावून ठेवले आहेत. ‘कोणीतरी’ कोण, हे कोणाला ठाऊक नव्हते. शिबिरात शिकवणाऱ्याने तिला झडप उघडायला सांगितली, आणि तिने बरोबर नेलेल्या काचांवरचा तो पट्टा तिच्या डोळ्यांदेखत विरून गेला. परत येऊन तिने प्रबंधातले एक प्रकरण काढून टाकले. मार्गदर्शकांना ते आवडले नाही. मुदत वाढली, शिष्यवृत्ती संपली. घरात त्या वर्षी थोडी ओढाताण झाली. मला मात्र १९६४ मधली माझी वही आठवली. मी न दिसलेला ठिपका काढला होता. तिने दिसलेला पट्टा मोजला होता. तिची चूक माझ्याहून प्रामाणिक होती आणि तिला महागही अधिक पडली.

ती गेली होती ते ठिकाण म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे वुड्स होल. तिथली सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. पहिला संचालक व्हिटमन याने सूक्ष्मदर्शकाच्या रीतींवर ग्रंथ लिहिला होता, आणि पहिल्या उन्हाळ्यापासून तेथे शिक्षिकाही शिकायला येत. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाचे स्वतंत्र शिबिर तेथे १९८० च्या सुमारास उभे केले शिन्या इनोउए यांनी. हे १९२१ मध्ये जन्मलेले आणि २०१९ मध्ये दिवंगत झालेले जपानी शास्त्रज्ञ. महायुद्धानंतरच्या जपानात काही मिळत नव्हते, तेव्हा दिव्याला चहाच्या डब्याचे घर करून त्यांनी सूक्ष्मदर्शक जोडला होता. पुढे अमेरिकेत, जिवंत पेशी दुभंगताना तिच्या आतले तंतू ध्रुवीकृत प्रकाशात दाखवून, ते तंतू खरेच असतात की काचेवर पेशी मारल्यामुळे होतात, हा जुना वाद त्यांनी मिटवला. असा मनुष्य शिकवायला बसला तर तो काय शिकवणार हे उघड आहे. प्राध्यापकही तिथे विद्यार्थी म्हणून येतात. सकाळी व्याख्यान आणि मग रात्री उशिरापर्यंत यंत्र. कंपन्या आपली नवी यंत्रे आणि ती बनवणारी माणसे घेऊन येतात. आता संगणक, लेसर, चकाकणारी रंगद्रव्ये असे सर्व काही आहे. आब्बेची मर्यादा ओलांडण्याच्या युक्त्यांना २०१४ मध्ये नोबेलही मिळाले. तरी आरंभ होतो तो कोलरच्या झडपांपासून. आपल्याकडे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही अशी शिबिरे झाली आहेत. माझ्या पुतणीने परतल्यावर तिच्या प्रयोगशाळेत दर सोमवारी नव्या मुलांना तास घ्यायला सुरुवात केली. त्या खालच्या स्क्रूंना हात लावूनच तो तास सुरू होतो.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात मी शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेच्या बाईंनी सरांची पेटी शोधून काढली. यंत्र ठीक आहे; आरसा थोडा डागाळला आहे. पेटीच्या कप्प्यात सरांची प्रात्यक्षिकांची नोंदवही निघाली. प्रत्येक नावापुढे त्यांनी दोन रकाने आखले होते, ‘आकृती काढली’ आणि ‘स्वतः पाहिले’. माझ्या नावापुढे पहिल्या रकान्यात खूण आहे, दुसरा रिकामा आहे. खाली आठ दिवसांनंतरची तारीख घालून दुसऱ्या रकान्यात खूण केली आहे. त्या पानावर असे रिकामे रकाने आणखी अकरा आहेत. त्या अकरापैकी चार जण आज सभागृहात बसले आहेत; त्यांची नावे मी वाचणार नाही. बाईंनी पुढच्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर पेटी उघडायचे कबूल केले आहे. खिडकी तीच आहे आणि सकाळी अकरापर्यंत तिथे चांगला उजेड असतो. कांदे मी आणणार आहे.